चार बोटं पाणी

"तुझी पट्टी वर बसलीय. काढ आणि नीट लाव."

"माझी पट्टी जागेवर आहे. तू तुझी बघ."

काकूंच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. आतल्या खोलीत बसून त्या नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावत होत्या आणि बाहेर तो आणि त्याचा थोरला भाऊ भांडत होते. सुई बोटात गेली तरी त्यांनी तोंडातून हूं की चूं केलं नाही. नव्या सुनेनं भिंतीआडून सगळं ऐकायचं असतं, फक्त ऐकल्याचं दाखवायचं नसतं.

भांडण पाण्याचं होतं. पाणी भरायचं नव्हे, मोजायचं. या दोघांचा बाप नदीवरच्या पुलावर पाणी मोजायच्या नोकरीत होता, आणि त्याच्यामागून दोघे मुलगेही त्याच नोकरीला चिकटले. परके साहेब होते तोवर नदी एक, पूल एक आणि पट्टीही एकच. पुलाच्या मधल्या खांबाला लोखंडी पट्टी ठोकलेली, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले. सकाळी जाऊन पाणी कुठवर चढलंय ते बघायचं आणि आकडा कचेरीला कळवायचा. थोरला त्या काठाला राहायचा, धाकटा ह्या. एक आठवडा हा बघे, एक आठवडा तो.

मग साहेबांना आपल्या घरची आठवण झाली. जाता जाता त्यांनी नकाशावर एक रेघ ओढली, ती नदीच्या मधोमध, बरोबर त्या खांबावरून. ओढणाऱ्याच्या बापाचं काय जातंय, तो थोडाच नदीकाठी बिऱ्हाड करणार होता. एका देशाचे दोन झाले. खालच्या कालव्यांत कुणी किती पाणी घ्यायचं ते पुलावरच्या आकड्यावर ठरणार होतं, आणि एकानं मोजलेलं दुसऱ्याला पटेना. मधला खांब तर कुणाचाच नाही. शेवटी ठरलं की दोघांनी आपापल्या काठाला आपापली पट्टी लावायची, आणि रोज सकाळी दहा वाजता पुलाच्या मध्यावर येऊन आकड्याच्या चिठ्ठ्या बदलायच्या.

दोन दिवस चिठ्ठ्या बदलून झाल्या आणि तिसऱ्या दिवशी थोरला तावातावानं धाकट्याच्या घरी आला. धाकट्याच्या पट्टीवर पाणी तीन इंच कमी दिसत होतं. तीन इंच म्हणजे चार बोटं. तीच नदी, तोच पूल, तीच वेळ. ह्या काठाला नदी बुटकी आणि त्या काठाला उंच, असं तर जगात कुठे होत नाही.

"बाबांनी दोघांनाही पाणसळ धरून पातळी बघायला शिकवलं," थोरला म्हणाला. "तू गवंड्यावर सोडून मोकळा झालास."

"आणि तू आईला घेऊन गेलास, ती पाणसळ धरून नेलीस का?"

सासूबाई थोरल्याकडे गेल्या होत्या, त्यांच्या मर्जीनं. त्याची मुलं लहान होती, ह्याच्या घरात अजून पाळणा नव्हता; आजीची गरज जिकडे, तिकडे आजी. पण हिशेब बरोबर असला म्हणून काळजाला समजतो असं नाही.

थोरल्यानं चपला पायात सरकवल्या. "उद्यापासून दहाला पुलावर," तो म्हणाला. "चिठ्ठी देईन, चिठ्ठी घेईन. बोलणार नाही."

दिलेला शब्द पाळणारी माणसं पुष्कळ असतात. न बोलायचा शब्द इतका पाळलेला मात्र कुणी पाहिला नसेल.

त्या दिवशी तो गेल्यावर काकूंचा नवरा नदीवर जाऊन आला आणि न जेवता झोपला. आठ दिवसांनी वर्तमानपत्रात आलं की पलीकडचे लोक पाण्याचा आकडा फुगवतात. पलीकडच्या वर्तमानपत्रात आलं की अलीकडचे पाणी चोरतात. महिन्याभरात खुद्द मंत्री आले, पट्टीवर हात ठेवून उभे राहिले, फोटो निघाला. तो फोटो पुढे शाळेच्या पुस्तकात गेला. चार बोटांच्या पाण्यासाठी दोन्हीकडे सभा झाल्या, समित्या झाल्या, एकदा तर तोफासुद्धा काठावर आणून उभ्या केल्या. कधीकाळी एका नळावर भांडून पुन्हा एकमेकींची मुलं सांभाळणाऱ्या बायका आता नदीपल्याड बोट दाखवून पोरांना सांगू लागल्या, "ते बघ, चोर राहतात तिथे." पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, बोट तसंच राहिलं.

आणि दोघे भाऊ रोज दहाला पुलावर. मध्ये पांढऱ्या रंगाचा पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक शिपाई बंदूक घेऊन. चिठ्ठीवर आकड्याशिवाय काही लिहायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, असा दोन्ही सरकारांचा नियम. सरकारं पहिल्यांदा आणि शेवटची एकमतानं वागली ती एवढ्याच बाबतीत. थोरल्याला काय, नियमाची गरजच नव्हती.

काकूंच्या नवऱ्याची एक सवय होती. नदीच्या ह्या काठाला सखल भागात एक गल्ली होती, खालची गल्ली म्हणायचे तिला. पाणी वीस फुटांवर गेलं की त्या गल्लीसाठी भोंगा वाजायचा, की बाबांनो, निघा. पण पुराच्या दिवसांत भोंग्याची वाट न बघता काकूंचा नवरा आधीच दारं ठोकत फिरायचा. लोक हसायचे. घाबरट म्हणायचे, पट्टीवाल्याला पाण्याचीच भीती म्हणायचे. हसत हसत गाठोडी मात्र बांधायचे, कारण भोंगा वाजायचा तोवर गल्लीत चपला तरंगत असायच्या. काकूंना वाटायचं, आपल्या माणसाचा जीवच तसा हळवा आहे.

वीस वर्षांनी तो छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यानं त्यांना जवळ बसवून घेतलं.

"दादाला सांग," तो म्हणाला, "तो बरोबर होता."

मग तुकड्या तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. पट्टी बसवली त्या दिवशी गवंड्यानं तिच्या बुडाखाली लाकडाची पाचर ठेवली होती. चुना-सिमेंट अगदी ओलं आहे तोवर पट्टी फार खाली खचू नये म्हणून. संध्याकाळी घट्ट होण्याआधी पाचर काढून पट्टी खुणेवर उतरवायची होती. पण त्याच संध्याकाळी आई त्या काठाला निघाली. तिचं गाठोडं घेऊन तो पुलाच्या मध्यापर्यंत गेला, ती दिसेनाशी होईतो उभा राहिला आणि घरी येऊन पडला. पाचर राहून गेली. सकाळी सगळं दगडासारखं. पट्टी कायमची चार बोटं वर.

"दादा भांडून गेला तेव्हा जाऊन पाहिलं. लाकडाचं टोक दिसत होतं. म्हटलं, आजच काढली तर म्हणेल, बघ. चार दिवस जाऊ देत. आठ दिवसांत ते पेपरात आलं. मग मंत्र्यानं हात ठेवला. मग कशी काढू?"

काकू म्हणाल्या, मग ती गल्ली?

"पट्टीवर एकोणीस फूट नऊ इंच दिसले की पाणी खरं वीसवर असतं. त्याच्या आधी दारं ठोकायची. आता तू ठोक."

माणूस जाताना बायकोला काय काय देऊन जातो. कुणी घर देतं, कुणी दागिना. ह्यानं एक खोटी पट्टी, एक गल्ली आणि एक निरोप दिला. काकूंनी हो म्हटलं. दारं ठोकणं सोपं होतं. निरोप पोचवायचा होता पुलाच्या मध्यावर, दोन बंदुकांच्या मध्ये.

नवऱ्याच्या जागी काकूंना घेतलं. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण आकडे येत होते, आणि पट्टीवाल्याची खोली सरकारची असल्यानं नोकरी गेली असती तर डोक्यावरचं छप्परही गेलं असतं. एक लेक होती, शिकत होती. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी काकू चिठ्ठी घेऊन पुलावर गेल्या. तिकडून थोरले दीर आले. धाकट्याच्या जागी त्याची बायको बघून ते पट्ट्यापाशी थांबले. हातातली चिठ्ठी पुढे केलीच नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि उघड्या डोक्यानं नुसते उभे राहिले. भावाच्या मरणाची बातमी त्यांना अशी कळली. शेवटी त्यांच्या बाजूचा शिपाई खाकरला, तेव्हा हात पुढे आला.

निरोप काकूंच्या अगदी ओठांवर होता. पण शिपायांना कान होते. "तो बरोबर होता" हे एक वाक्य पलीकडच्या शिपायानं ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेपरात आलं असतं. अलीकडच्यानं ऐकलं असतं तर काकूंचं सामान रस्त्यावर. काकूंनी निरोप गिळला. मनाशी म्हणाल्या, उद्या सांगू.

उद्या उद्या करत बारा वर्षं गेली.

ह्या बारा वर्षांत काकूंचं डोकं दोन आकड्यांवर चालायला लागलं होतं. पट्टीवरचा एक, तो चिठ्ठीसाठी. त्याच्यात तीन इंच मिळवून दुसरा, तो गल्लीसाठी. पहिला सरकारचा, दुसरा नदीचा. पट्टीकाकू म्हणायला लागले होते त्यांना सगळे. एका वर्षी पुरानं असं ठाण मांडलं की सलग सहा दिवस त्या गल्लीत वर-खाली करत होत्या. कुणाची म्हातारी उचलायला हात दे, कुणाच्या शिलाई मशीनसाठी गाडी शोध. सातव्या दिवशी सकाळी पट्टीवर एकोणीस फूट आठ इंच होते. मनात एकोणीस अकरा होते. पायांत गोळे आलेले, डोळ्यांत वाळू. काकूंनी चिठ्ठीवर एकोणीस अकरा लिहिलं आणि पुलावर नेऊन दिलं.

थोरल्या दिरांच्या चिठ्ठीवरही एकोणीस अकरा होतं.

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आकडे जुळले आणि दोन्हीकडे हाहाकार उडाला. जुळत नव्हते तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. वाद होते, पण त्या वादांवर कचेऱ्या चालत होत्या, माणसांच्या बदल्या-बढत्या होत होत्या. जुळले म्हटल्यावर काहीतरी काळंबेरं आहे. नक्कीच कुणीतरी कुणाला फितूर झालंय.

राजधानीहून चष्म्यातले एक साहेब आले. काकूंच्याच खोलीत, काकूंच्याच खुर्चीवर बसून त्यांनी काकूंची चौकशी केली.

"आकडा जुळला कसा?"

"नदी एकच आहे ना साहेब."

साहेबांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांनी विचारलं, पलीकडच्या माणसाशी तुमचं नातं काय. काकू म्हणाल्या, थोरले दीर. शेवटचं बोलणं कधी झालं? काकूंनी आठवून पाहिलं. लग्नाच्या दिवशी त्यांनी "सुखी राहा" म्हटलं होतं, एवढंच. साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, चौकशी पुरी होईतो नोकरी आहे असं समजू नका, नाही असंही समजू नका. खोली मात्र रिकामी करायच्या तयारीत ठेवा.

खरं सांगून टाकावं, असं काकूंच्या मनात दहादा आलं. पाचर आहे म्हणावं, उकरून बघा म्हणावं. पण सांगितलं तर बत्तीस वर्षांचा खोटा ठरणार होता तो मेलेला माणूस. आणि नाही सांगितलं तर पलीकडच्यांना फितूर म्हणून त्या स्वतः. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये पट्टी. लेक ट्रंक भरत होती आणि भरता भरता म्हणत होती, "आई, एक तर आकडा नीट लिहायचा होतास, नाहीतर इतकी वर्षं चुकीचा लिहायचा नव्हता." तिला काय ठाऊक की दोन्ही तेच होतं.

सहाव्या दिवशी साहेब पुन्हा आले, पण चेहरा निवळलेला. पलीकडच्या सरकारनं लेखी कळवलं होतं. त्यांच्या पट्टीवाल्यानं कबुली दिली होती की त्या दिवशी चूक त्याची. पाणी एकोणीस फूट अकरा नव्हतंच, वीस फूट दोन इंच होतं, त्याला म्हातारपणी नीट दिसलं नाही. म्हणून त्याला महिनाअखेर घरी बसवणार होते.

"बघा," साहेब म्हणाले, "आपला आकडा बरोबर होता."

जो माणूस चार बोटांसाठी सख्ख्या भावाशी बत्तीस वर्षं बोलला नाही, त्यानं तेवढ्याच चार बोटांची चूक उचलून आपल्या कपाळी मारून घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून आकडे पुन्हा जुळेनासे झाले आणि दोन्ही राजधान्यांचा जीव भांड्यात पडला.

महिनाअखेरीला, दिरांच्या शेवटच्या दिवशी, पुलावर वारा सुटला होता. ह्या बाजूच्या शिपायाला सिगारेट पेटवायची होती आणि काडी टिकत नव्हती. त्या बाजूच्या शिपायानं थोडा वेळ मजा बघितली, मग तोही स्वतःची सिगारेट काढून पट्ट्याजवळ आला. दोघांनी चार हातांचा आडोसा केला आणि दोघांच्या पाठी पुलाकडे झाल्या. जाणूनबुजून झाल्या की वाऱ्यामुळे, ते त्यांनाच माहीत.

थोरले दीर खालच्या आवाजात म्हणाले, "पाचर राहिली ना खाली?"

काकूंनी मान हलवली. "आईंना पोचवायला आले होते त्या संध्याकाळी. काढायची राहिली. जाताना म्हणाले, दादाला सांग, तो बरोबर होता."

दिरांनी खाली पाण्याकडे पाहिलं. "ते मला ठाऊकच होतं. तो कबूल कधी करतो, तेवढं बघायचं होतं." थोडं थांबून म्हणाले, "बत्तीस वर्षं लावली गाढवानं."

"तुम्ही का घेतलंत अंगावर, भाऊजी?"

"माझी नोकरी संपतच आली होती. आणि माझं घर माझं आहे. तुझं सरकारचं." मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, पण दिली नाही, हातात फिरवत राहिले. "आई सात वर्षांपूर्वी गेली. धाकटा गेल्याचं तिला कळू दिलं नाही. रोज विचारायची, आली का त्याची चिठ्ठी? कचेरीला नक्कल पाठवायचो, खरी तिच्या हातात द्यायचो. वाचता येत नव्हतं तिला. हात फिरवायची नुसती. नंतर नंतर म्हणायची, हल्ली पोराचं अक्षर बिघडलंय, थकला असेल."

पाच वर्षं त्यांचं चौथीचं वाकडं अक्षर सासूबाईंनी मुलाचं म्हणून जपलं होतं.

"खरंच वाईट आहे माझं अक्षर," त्या म्हणाल्या.

"वाईटच आहे," दीर म्हणाले. शिपायांच्या सिगारेटी पेटल्या. दिरांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठी घेतली आणि वळून चालू लागले. ह्या वेळी टोपी काढली नाही. मागून बघता चालणं अगदी धाकट्यासारखं, डावा पाय जरा फाकवून.

त्यांच्या जागी एक नवा माणूस आला. गुळगुळीत दाढी केलेला, चिठ्ठी अशी पुढे करायचा की जणू बसचं तिकीट. त्याला काकूंच्या पट्टीविषयी फक्त एवढंच माहीत होतं की ती चोरांची आहे. काकूंना त्याचा राग आला नाही. इतकी वर्षं झाली, राग करायलाही अंगात बळ लागतं. निरोप पोचला होता. बाकी देशांचं देश बघतील असं त्या म्हणायच्या, आणि देश काही बघत नाहीत हेही त्यांना पक्कं माहीत होतं. दरवर्षी पुलावर नवे शिपाई यायचे, दरवर्षी पेपरात तीच चार बोटं यायची, फक्त कागद गुळगुळीत होत गेला.

नऊ वर्षं त्यांनी आणखी काढली. निवृत्तीला तीन दिवस उरले होते तेव्हा पाणी चढायला लागलं. लेक म्हणाली, आता जाऊ नकोस, नवा माणूस येतोच आहे, त्याला करू दे. काकू म्हणाल्या, तो पट्टीवर लिहिलेलंच वाचेल ना. लेकीला वाटलं, आई चेष्टा करतेय.

सकाळी पट्टीवर एकोणीस फूट सात इंच होते. काकू छत्री काठीसारखी टेकत पायऱ्या चढल्या, त्यांनी चिठ्ठीवर एकोणीस सात लिहिलं, पुन्हा एकदा वाचलं. बरोबर चुकलं होतं. पुलावर गेल्या, गुळगुळीत दाढीवाल्याला दिली, त्याची घेतली. तिच्यावर एकोणीस दहा होतं. चिठ्ठी पिशवीत टाकून त्या परत फिरल्या, पण घराकडे वळल्या नाहीत, उतारानं खालच्या गल्लीत गेल्या.

पहिल्या दारावर छत्रीच्या मुठीनं दोनदा ठोकलं. आतून शिंपीणबाई आल्या, तोंडात टाचण्या तशाच.

"पट्टीकाकू, भोंगा तर झाला नाही."

"होईल. मशीन उचलायला तुझ्या नवऱ्याला हाक मार."

"आत्ता? चहा टाकलाय."

"वर जाऊन पी. गरम करायला शेगडी तिथेही आहे." काकूंनी क्षणभर चौकटीला हात टेकला, दम खाल्ला, आणि छत्री उचलून पुढच्या दाराकडे गेल्या.